सकाळची गाडी आदल्या रात्रीच सुरू होते

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला जमत नाही किंवा ज्यांना लोकलमध्ये हेडफोन न लावता वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून दिलाय. बोलण्यातला अघळपघळपणा थोडा कमी केलाय, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय वरवर साधा वाटेल. थंडीत गाडी चालू का होत नाही, आणि ती चालू व्हावी म्हणून माणसांनी गेल्या सव्वाशे वर्षांत काय काय केलं?

आपल्याकडे थंडी म्हणजे काय, तर पुण्यात पारा आठ-दहावर आला की बातमी होते, आणि निफाडमध्ये पाचच्या खाली गेला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. तेवढ्या थंडीतही आपल्या आईवडिलांच्या पिढीतली टू-स्ट्रोक स्कूटर रुसायचीच. मग तिला एका बाजूला तिरकी करायची, जरा थांबायचं, चोक ओढायचा आणि किक मारायची. हसू नका, त्या तिरकं करण्यात शास्त्र होतं. कार्बोरेटरमध्ये नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल उतरायचं आणि थंड इंजिनाला नेमकं तेच हवं असतं.

आता हाच प्रकार उणे तीस अंशांवर कल्पून बघा. तिथे किक मारून पाय दुखेल, पण इंजिन ढिम्म हलणार नाही. असं का होतं, ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचा इतिहास नीट कळेल.

एक रोग नाही, चार रोग

गाडी थंडीत अडते तेव्हा आपण सरळ म्हणतो, "बॅटरी गेली." पण प्रत्यक्षात चार गोष्टी एकाच वेळी अंगावर येतात.

पहिली गोष्ट ऑइल. इंजिन ऑइल थंड झालं की काकवीसारखं घट्ट होतं. पिस्टन आणि क्रँकशाफ्ट त्या घट्ट ऑइलमध्ये रुतल्यासारखे होतात. म्हणजे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो.

दुसरी गोष्ट बॅटरी. बॅटरीतून मिळणारी वीज ही रासायनिक क्रियेतून येते, आणि थंडीत ती क्रिया मंदावते. उणे अठरा अंशांच्या आसपास नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीचा जोर साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे जेव्हा जास्त ताकद हवी, नेमकी तेव्हाच कमी मिळते. थंड देशांत बॅटरीवर एक खास आकडा छापलेला असतो. ती उणे अठरा अंशांवर तीस सेकंद किती करंट देऊ शकते, ते तो आकडा सांगतो.

तिसरी गोष्ट इंधन. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंडीत वाफ कमी होते, म्हणून जास्त पेट्रोल सोडावं लागतं. चोक म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणं. डिझेलची तऱ्हा वेगळी. त्यात मेण असतं. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं ना, तसंच ते मेण आधी गढूळ होतं, मग फिल्टर तुंबवतं.

चौथी गोष्ट उष्णता. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबायची की ती तापून पाचशे अंशांच्या पुढे जाते आणि त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. पण सिलिंडरच्या भिंती बर्फासारख्या गार असतील तर त्या ही उष्णता शोषून घेतात. इंजिन फिरतं, पण पेटत नाही.

हे चार रोग लक्षात ठेवा. पुढच्या इतिहासात प्रत्येक शोध यातल्या एखाद्याच रोगाचं औषध आहे. आणि मजा म्हणजे यातली सगळ्यात खात्रीची औषधं सकाळी नाही, तर आदल्या रात्री द्यावी लागतात.

हँडल मारण्याचे दिवस

सुरुवातीच्या मोटारींना पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावं लागायचं. आपल्याकडच्या जुन्या ट्रकचालकांना हा प्रकार चांगला माहीत होता. काम जोराचं तर होतंच, पण धोक्याचंही होतं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल हातावर बसायचं. मनगट मोडणं ही तेव्हाची नेहमीची इजा होती. म्हणून शिकवणारे सांगायचे की अंगठा हँडलभोवती गुंडाळू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा, आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढा.

थंडीत हे आणखी अवघड. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत गिअरचे क्लच ऑइलमध्येच बुडलेले असत. ते ऑइल घट्ट झालं की गाडी न्यूट्रलमध्ये असूनही चाकं इंजिनाला चिकटल्यासारखी राहायची. हँडल मारताना गाडी हळूहळू पुढे सरकायची, म्हणजे हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर! यावर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी उपाय काढला. मागचं एक चाक जॅक लावून उचलायचं. मग ते चाक हवेत मोकळं फिरतं आणि इंजिनावरचा भार हलका होतो. काही जण इंजिनाच्या पाइपांवर उकळतं पाणी ओतायचे. काही जण तर रात्री रेडिएटरमधलं पाणी आणि इंजिनातलं ऑइल काढून घरात ठेवायचे, आणि सकाळी तापवून परत भरायचे.

ही शेवटची युक्ती लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचंय.

केटरिंगचा छोटा मोटर

हँडलच्या धोक्याबद्दल एक गोष्ट मोटारींच्या इतिहासात हमखास सांगितली जाते. बायरन कार्टर नावाचे एक मोटार उत्पादक डेट्रॉइटजवळ एका बाईंची बंद पडलेली कॅडिलॅक सुरू करायला मदतीला थांबले. हँडल उलटं फिरून त्यांच्या जबड्यावर बसलं आणि पुढे त्यातून त्यांचा मृत्यू झाला. १९०८ साली कार्टर वारले हे खरं. बाकी गोष्टीला सांगणाऱ्यांनी मीठमसाला किती लावला, यावर वाद आहे. पण कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांना या हँडलपासून सुटका हवी होती, हे मात्र नक्की.

ती सुटका डेटन गावातल्या चार्ल्स केटरिंग यांनी करून दिली. केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते. तिथे त्यांनी गल्ला विजेवर उघडणारं यंत्र केलं होतं. त्यातून त्यांच्या हाती एक साधं सूत्र लागलं होतं. जो मोटर दिवसभर चालवायचा तो मोठा लागतो, पण जो काही सेकंदच चालवायचा आहे, तो छोटा असला तरी त्याच्यावर जबरदस्त भार टाकता येतो. जळायच्या आत त्याचं काम संपलेलं असतं.

तोपर्यंत अनेकांचं म्हणणं होतं की इंजिन फिरवायला मोटारीएवढाच मोठा मोटर लागेल. केटरिंग यांनी १९११ मध्ये छोटा मोटर बसवून दाखवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो विकायला आला. इंजिन सुरू झालं की तोच मोटर उलट वीज तयार करून बॅटरी भरायचा. हळूहळू सगळ्यांनी ही पद्धत उचलली. १९१९ पासून मॉडेल टीलाही सेल्फ मिळू लागला. मोटार चालवायला आता दंडात ताकद असण्याची गरज उरली नाही. बायका आणि वयस्कर माणसं सहज गाडी काढू लागली.

इथे वाटेल, झालं की! प्रश्न सुटला. पण केटरिंग यांनी जोर कोण लावणार हा प्रश्न सोडवला होता. माणसाचा हात जाऊन तिथे बॅटरी आली. आणि बॅटरी थंडीत काय करते, ते आपण आत्ताच पाहिलं.

मॉस्कोसमोर आगीवर ठेवलेले रणगाडे

जोराची मर्यादा जगाला दिसली ती १९४१ च्या हिवाळ्यात. २२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. हिवाळ्याच्या आत मोहीम संपेल, असा हिशोब होता. संपली नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला मॉस्कोजवळ पारा उणे तीसच्याही खाली गेला.

जर्मन रणगाडा सेनापती गुडेरियान यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की रणगाड्यांची इंजिनं सुरू करायला त्यांच्याखाली आग पेटवावी लागत होती, इंधन कधीकधी गोठायचं आणि ऑइल घट्ट व्हायचं. विचार करा, पोटात पेट्रोल आणि दारूगोळा असलेल्या यंत्राखाली शेकोटी! दुसरा मार्ग होता रात्रभर अधूनमधून इंजिन चालवत राहण्याचा. पण त्यात इंधन जळायचं, आणि इंधनाचीच तर टंचाई होती.

इथे एक गैरसमज दूर करू. "रशियाच्या थंडीने जर्मनांना हरवलं" असं आपण सहज म्हणून जातो. पण थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती. सोव्हिएत इंजिनंही गोठायची. फरक तयारीचा होता. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याला विजेच्या स्टार्टरशिवाय दाबलेल्या हवेच्या दोन टाक्या होत्या. बॅटरी थकली तरी ती हवा सिलिंडरमध्ये सोडून इंजिन फिरवता यायचं. शिवाय रणगाडा खंदकावर उभा करायचा, वरून ताडपत्री टाकायची आणि खंदकात छोटी भट्टी लावायची, अशीही पद्धत होती. पाहायला ती जर्मनांच्या शेकोटीसारखीच, पण ती ठरवून केलेली होती. घाबरून सकाळी पेटवलेली नव्हती.

५-६ डिसेंबरला सोव्हिएत सैन्याने प्रतिहल्ला सुरू केला. जर्मन माघारीत बरीच वाहनं जागेवर सोडून द्यावी लागली. त्यामागे चिखल, लांबलेली रसद, थकलेलं सैन्य अशी अनेक कारणं होती, आणि न सुरू होणारं इंजिन हे त्यातलं एक.

जर्मन त्यातून शिकले. पुढच्या हिवाळ्यापासून काही रणगाड्यांना अशी जोडणी आली की एका चालू रणगाड्याचं गरम कूलंट नळीतून थेट दुसऱ्या थंड रणगाड्यात फिरवता यायचं. आपण जंपर केबल लावून दुसऱ्याची बॅटरी उधार घेतो, तशी इथे दुसऱ्याच्या इंजिनाची ऊब उधार घ्यायची.

विमानवाल्यांची संध्याकाळ

खरं म्हणजे ही तयारीची अक्कल सैन्याआधी दुसऱ्याच लोकांना आली होती. कॅनडा आणि अलास्कात १९२० आणि ३० च्या दशकांत छोटी विमानं घेऊन खाणकामगार, टपाल आणि औषधं पोचवणारे वैमानिक होते. विमान संध्याकाळी गोठलेल्या तळ्यावर उतरवायचं, आणि इंजिन गरम असतानाच त्यातलं सगळं ऑइल डब्यात काढायचं. डबा घेऊन झोपडीत जायचं आणि शेगडीजवळ ठेवायचा. पहाटे इंजिनावर जाड कापडाचा तंबू टाकायचा, त्याच्याखाली ब्लो लॅम्प धरून तासभर इंजिन शेकायचं, मग गरम ऑइल परत ओतायचं आणि लगेच इंजिन चालू करायचं. कापडाने पेट घेतला तर विमान गेलं, म्हणून शेकताना तिथून हलायचं नाही. आणि विमान गेलं तर शेकडो मैल बर्फात आपण एकटे.

मॉडेल टीवाल्या शेतकऱ्याचीच ही युक्ती, फक्त इथे ती जिवावरची झाली होती.

त्यानंतर एक हुशार सुधारणा आली. ऑइल काढण्याऐवजी, रात्री इंजिन बंद करायच्या आधी त्यातच थोडं पेट्रोल मिसळायचं. ऑइल पातळ होतं. पातळ ऑइल रात्रभर गार झालं तरी सकाळी फिरण्याइतकं मोकळं राहतं. इंजिन सुरू होऊन तापलं की ते पेट्रोल वाफ होऊन निघून जातं आणि ऑइल पूर्ववत होतं. सोव्हिएत हवाई दल ही पद्धत वापरत होतं, जर्मन हवाई दलालाही ती वापरावी लागली, आणि अनेक अमेरिकी लढाऊ विमानांच्या कॉकपिटमध्ये तर त्यासाठी वेगळं बटणच होतं.

याची मोठी परीक्षा अलास्कातल्या फेअरबँक्सजवळच्या लॅड फील्डवर झाली. थंडीत विमानं कशी चालतात याची चाचणी घ्यायलाच १९४० मध्ये तो तळ उभा राहिला होता. १९४२ पासून अमेरिका तिथे सोव्हिएत वैमानिकांच्या ताब्यात विमानं देऊ लागली. युद्ध संपेपर्यंत जवळपास आठ हजार विमानं त्या मार्गाने सायबेरियात गेली. उघड्यावर उभ्या विमानांच्या इंजिनात कापडी नळ्यांतून गरम हवा सोडणारे फिटर रात्रभर काम करायचे. इतिहासाच्या पुस्तकात वैमानिकांची नावं सापडतात. या फिटरांची क्वचितच. पण त्यांची रात्र झाल्याशिवाय वैमानिकांची सकाळ होत नव्हती.

सहकारी संस्थेतला माणूस आणि त्याचा बोल्ट

ही मेहनत घरोघरी नको असेल तर काय करायचं? याचं उत्तर अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यातून आलं. अँड्र्यू फ्रीमन हे तिथल्या ग्रँड फोर्क्स गावी ग्रामीण वीज सहकारी संस्थेचं काम बघायचे. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो, तिकडे शेतकऱ्यांनी मिळून खेड्यांत वीज आणली होती. वीज घरात आलेली होती आणि गाडी अंगणात गोठत होती. फ्रीमन यांनी दोन्ही जोडलं. इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढायचा आणि त्या जागी हीटर असलेला बोल्ट बसवायचा. त्याची वायर रात्री घरातल्या प्लगला लावायची. १९४९ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं.

यातून पुढे ब्लॉक हीटर रुळला. आज विनिपेग, एडमंटन किंवा फेअरबँक्सला गेलात तर गाड्यांच्या तोंडातून लोंबणारा प्लग दिसेल आणि पार्किंगमध्ये प्रत्येक जागेला विजेचा खांब. तिकडे नव्याने गेलेली आपली मराठी मुलं पहिल्यांदा ते पाहून विचारतात, "अरे, इथे इतक्या इलेक्ट्रिक गाड्या?" इलेक्ट्रिक नव्हेत हो, पेट्रोलच्याच! फक्त झोपताना त्यांना गोधडी लागते. खरी गोधडी पाहायची तर सायबेरियातल्या याकुत्स्कला. उणे पन्नासच्या गावात गाड्यांवर जाड कापडी आवरणं घातलेली दिसतात, आणि गरम गॅरेज नसेल तर इंजिन तासन् तास चालूच ठेवलं जातं.

डिझेलची एक मिनिट शांतता

डिझेलवाल्यांचा त्रास वेगळा. सिलिंडर गार असेल तर डिझेल पेटत नाही, म्हणून आत एक छोटी तापणारी कांडी बसवली जाते. हाच ग्लो प्लग, आपल्या गॅरेजमध्ये ज्याला हीटर प्लग म्हणतात. डॅशबोर्डवर पिवळ्या कॉइलचा दिवा दिसतो ना, तो विझेपर्यंत थांबायचं असतं ते याचसाठी. जुन्या गाड्यांत ही कांडी तापायला अर्धा-एक मिनिट लागायचं. जर्मनीत लोक त्या थांबण्याला गमतीने "रुडॉल्फ डिझेल यांच्या स्मृतीसाठी मौन" म्हणायचे. डिझेल १९१३ साली बोटीच्या प्रवासात गूढ रीतीने नाहीसे झाले होते, म्हणून हा विनोद जरा काळाच आहे. १९७० च्या दशकात लवकर तापणारे प्लग आले आणि मौन काही सेकंदांवर आलं.

पण कांडीपर्यंत डिझेल पोचलंच नाही तर? इथे आपल्या देशाची गोष्ट येते. द्रास, कारगिल, लेह भागात हिवाळ्यात पारा उणे वीस-तीसपर्यंत जातो. साधं डिझेल तिथे टाकीतच थिजतं. ट्रकवाले त्यात रॉकेल मिसळायचे, टाकीखाली आग धरायचे. म्हणजे मॉस्कोसमोरची १९४१ ची शेकोटी आपल्या हिमालयात चालूच होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत बनलेलं हे डिझेल उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहतं राहतं. म्हणजे ट्रकखालची आग विझवण्याचं काम ट्रकपासून शेकडो किलोमीटर लांब, रिफायनरीत झालं, आणि तेही हिवाळा सुरू होताना. पुन्हा तेच. आधी.

मग आपल्या काय कामाचं?

आजच्या गाडीत सेन्सर इंजिनाचं तापमान बघून पेट्रोल स्वतःच वाढवतो. चोक ओढावा लागत नाही आणि स्कूटरही तिरकी करावी लागत नाही. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते ऑइल थंडीत मोकळं. पूर्वी उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं ऑइल वेगवेगळं भरायचे. आता एकच डबा दोन्ही सांभाळतो.

तुमच्यातले बरेच जण हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला जायचे बेत करतात, म्हणून चार गोष्टी. निघण्याआधी बॅटरी तपासून घ्या, दोन-तीन वर्षांची असेल तर नक्कीच. कूलंटमध्ये नुसतं पाणी नाही ना, ते बघा, कारण पाणी गोठून फुगलं की इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. डिझेल गाडी असेल तर वर पोचल्यावर तिथल्याच पंपावर हिवाळी डिझेल भरा, खालून भरून नेलेल्या टाकीवर रात्र काढू नका. आणि सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा. केटरिंग यांचा मोटर छोटा आहे, काही सेकंदांसाठीच बनलाय, हे आठवा. आणि गाडीखाली आग? अजिबात नाही.

"आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, हे सगळं इतिहासजमा," असं कुणी म्हणेल. त्या सुरू होतात हे खरं. पण लिथियम बॅटरी शून्याखाली असताना वेगाने चार्ज केली तर तिचं नुकसान होतं, आणि थंडीत गाडीचा पल्लाही घटतो. म्हणून नॉर्वेसारख्या देशात लोक काय करतात? रात्री गाडी प्लगला लावतात आणि मोबाइलवर निघायची वेळ सांगून ठेवतात. गाडी त्या वेळेआधी स्वतःची बॅटरी गरम करून ठेवते. शेगडीजवळ ऑइलचा डबा ठेवणाऱ्या त्या वैमानिकाला हे दाखवलं असतं, तर त्याला फारसं नवल वाटलं नसतं. फक्त आपल्याला पहाटे उठावं लागत होतं याचं जरा वाईट वाटलं असतं.

आजच्या भागापुरतं एवढंच. तुमच्या घरात एखादे काका किंवा आजोबा ट्रकवर, एसटीत किंवा सैन्यात गाडीवर असतील, तर त्यांना विचारा, थंडीत गाडी कशी काढायचात? त्यांनी सांगितलेली युक्ती आम्हाला व्हॉइस नोटने पाठवा. चांगल्या युक्त्या पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि रात्री झोपण्याआधी उद्याच्या गाडीकडे एकदा बघून या.